गऊबाईंनी क्षमा केली नाही

“वैनीनं शेवटाला समदं वैर पोटात घातलं. माझी कोकरं पावसात मरत व्हती, तवा ती कुंपण वलांडून आली, पोटच्या पोरागत त्यांना जपलं, अन् त्यांच्या कानाला माझ्या दादाची खूण घातली. दोन वाडे फुटले व्हते, ते त्या माउलीनं एका खुणेखाली आणले. लई मोठ्या मनाची बाई.”

हे शब्द मारुतीचे. गऊबाईंच्या दहाव्याला, ओढ्याकाठी, भाड्याने आणलेल्या ध्वनिक्षेपकावरून त्याने ते उच्चारले आणि उपरण्याने डोळे टिपले. जमलेल्या मंडळींनीही टिपले. तेव्हापासून गंजाडच्या पाड्यापाड्यांतून हीच कथा सांगितली जाते. एका शिक्षकाने तर ती शाळेत प्रार्थनेनंतर मुलांना सांगितली म्हणे, क्षमेचे उदाहरण म्हणून.

हे विधान मला संपूर्णपणे अमान्य आहे.

डहाणूच्या कोर्टात मी हयातभर शिरस्तेदार होतो. शपथ घेऊन खोटे बोलणारी माणसे मी इतकी पाहिली की शपथेवाचून खोटे बोलणारा मला फारसा अपूर्वाईचा वाटत नाही. परंतु मृत व्यक्तीच्या तोंडी क्षमा घालणे हा निराळाच गुन्हा आहे. जिने आयुष्यात एकही अपमान पचवला नाही, तिच्या माथी मेल्यावर उदारपणा मारायचा आणि त्या उदारपणाच्या सावलीत आपले पाप झाकायचे, ही मारुतीची युक्ती आहे. गऊबाई जिवंत असत्या तर त्यांनी ध्वनिक्षेपकाची तार उपटली असती. त्या नाहीत, म्हणून हे मला लिहावे लागत आहे.

निवृत्तीनंतर, म्हणजे दोन हजार चौदा साली, मी गंजाडच्या माळाला लागून थोडी जमीन घेतली. माझ्या बांधापलीकडे मेंढरांचा वाडा होता. तुकाराम आणि मारुती हे दोघे भाऊ घाटावरून आलेले. त्यांचे वडील दर हिवाळ्यात मेंढरे घेऊन घाट उतरत आणि उन्हाळा सरता सरता परत जात. मुलांनी मात्र इथेच माळ धरला, गोठा बांधला आणि फिरती सोडून एका जागी मेंढपाळी सुरू केली. गऊबाई ही तुकारामांची बायको. उंच, हडकुळी, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडची मेंढी माघारी वळावी. पुढे कुंकू गेले. आवाज राहिला.

आमची ओळख भांडणाने झाली. त्यांच्या मेंढ्यांनी माझी नुकती लावलेली तूर खाल्ली. मी जाऊन, कोर्टात बोलावे तसे, नुकसानभरपाई, अतिक्रमण, साक्षीदार असे काहीबाही बोललो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि माझी तूर अजून चघळत असलेल्या एका लठ्ठ मेंढीकडे वळून म्हणाल्या, “ऐकलं का गं शिरस्तेदारीण? तुझ्यावर खटला हाय.”

त्या दिवसापासून ती मेंढी शिरस्तेदारीण झाली. माझ्या पत्नीला हे कळले तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू नाव मीच ठेवले होते.

ही गऊबाईंची रीत होती. ज्याच्याशी वाकडे येई, त्याचे नाव एखाद्या मेंढीला मिळे. वाड्यात एक सावकारीण होती, एक सरपंचीण होती, आणि तंगडी वर करून लाथ मारणारी एक लंगडी कंपाउंडरीण होती. सकाळी वाडा सोडताना त्या एकेकीचा नावानिशी उद्धार करीत आणि रस्त्याने जाणारे लोक, आपले नाव तर त्यात नाही ना, म्हणून पावले मंद करून ऐकत. भांडण मिटले तरी नाव मिटत नसे. मी एकदा विचारले, “गऊबाई, आता आपले बरे चालले आहे. माझ्या घरच्या माणसाचे नाव तेवढे सोडवा.”

“भाऊ, भांडण तुमचं मिटलं. तूर तिनं खाल्ली ती खाल्लीच की.”

त्यांना विसरता येत नसे, आणि विसरता येत नाही याची त्यांना लाज नव्हती. उलट, विसरणाऱ्या माणसांविषयी त्यांच्या मनात तुच्छता होती. कुणी एखादी गोष्ट लक्षात राहावी म्हणून पदराला गाठ मारली की त्या हसत. “ज्याला याद हाय त्याला गाठ कशाला? गाठ इसरणाऱ्याच्या पदराला मारायची.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

बोर्डीकडच्या एका चिकूच्या वाडीवाल्याचे प्रकरण सांगितल्याशिवाय त्यांच्या स्वभावाची जात कळणार नाही. इकडे भात कापून झाले की शेतात, आणि बागांतही, मेंढरे बसवून घेण्याची चाल आहे. काही रात्री कळप तिथे बसला की लेंडीखताने जमीन तृप्त होते. हा वाडीवाला दर हिवाळ्यात तुकारामांना बोलवी. एका वर्षी गऊबाई एकट्याच कळप घेऊन गेल्या, तर त्याने फाटक उघडायला लावले नाही. आत पाहुण्यांच्या पंगती चालल्या होत्या, मेंढरांचा वास नको म्हणून. ऊन डोक्यावर येईपर्यंत ही बाई रस्त्यात उभी राहिली. मग तिने कळप वळवला आणि शेजारच्या बागेत नेऊन, बरोबर त्या वाडीवाल्याच्या कुंपणाला चिकटून बसवला. पुढच्या हंगामात कुंपणाच्या एका अंगाची झाडे काळीभोर, दुसऱ्या अंगाची पिवळट. वाडीवाला गाडी घेऊन, चिकूची पेटी घेऊन, मनधरणीला गंजाडला आला.

“झालं गेलं विसरा, बाई.”

गऊबाईंनी पेटी घेतली, त्याच्यादेखत मेंढरांपुढे उपडी केली आणि म्हणाल्या, “घ्या गं. साहेबांच्या पंगतीचं उरलंसुरलं.”

दरवर्षी त्या त्याच शेजारच्या बागेत, त्याच कुंपणालगत कळप बसवीत. ही बाई क्षमाशील होती, असे मारुती म्हणतो.

आता दुसरी बाजू, कारण मी एकतर्फी निवेदन करणारा नाही. मेंढ्या व्यायला लागल्या की गऊबाई निराळ्या होत. मार्गशीर्ष-पौषात माळावर सकाळचे धुके असे आणि त्या धुक्यात, अंगावर घोंगडी, हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले, अशा त्या वाड्यात बसलेल्या असत. अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकराची मुडपलेली तंगडी सरळ करीत तेव्हा त्यांचा चेहरा बहिऱ्या माणसासारखा होई. सगळे ऐकणे बोटांत उतरलेले. कोकरू बाहेर आले, श्वास घेत नसले, तर मागच्या पायांना धरून झोका देत, नाकपुडीत गवताची काडी फिरवीत. ते शिंकले की म्हणत, “शिंकला! आता मरत न्हाई.” मग पेंढ्याने चोळून काढायचे आणि आईच्या सडाला लावून पहिला चीक पाजायचा.

एकदा सावकारीण व्याली आणि तिने आपलेच कोकरू ढुसणी मारून दूर फेकले. गऊबाईंनी तिला दोन बांबूंच्या मध्ये अडकवले, कोकरू सडाला लावले, आणि ती लाथ मारील तितक्या वेळा पुन्हा लावले. बोलत होत्या मेंढीशी. “वैर करायचं? कर. मी न्हाई म्हणत न्हाई. पण दूध दे. वैर येगळं, दूध येगळं.”

सारा घोळ इथे आहे. कोकराला वाचवणारा माणूस कोकराच्या मालकाला क्षमा करतो, असे समजणाऱ्यांनी गऊबाईंना पाहिलेच नव्हते. त्यांच्या मनात वैराची आणि दुधाची भांडी निराळी होती, आणि एकाचा थेंब त्यांनी दुसऱ्यात कधी पडू दिला नाही.

आता वैराविषयी.

मी जमीन घेतल्यानंतर वर्षभराने तुकाराम वारले. कावीळ झाली होती. मूल नव्हते. दोन्ही भावांची मेंढरे तोवर एकाच वाड्यात आणि एकाच खुणेखाली होती. या लोकांत प्रत्येक घराण्याची कानाची खूण असते. कोकरू चार दिवसांचे झाले की धारदार सुरीने त्याचा कान ठरावीक तऱ्हेने कापायचा आणि हळद-राख दाबायची. रानात कळप मिसळले, बाजारात वाद झाला, तर कान बोलतो. यांची खूण होती उजव्या कानाच्या शेंड्याला फाटा आणि डाव्याला खालून चंद्रकोर. बापाची खूण, ती थोरल्या तुकारामांकडे आलेली. तलासरीच्या बाजारात ती ‘तुकारामचा कान’ म्हणूनच ओळखली जाई, कारण त्या कानाचे जनावर आजारी निघत नाही, असा लौकिक होता.

वाटणीच्या दिवशी चार माणसांत मलाही बसवले होते. मारुतीने तरण्या मेंढ्या आणि चांगला नर स्वतःकडे घेतला. म्हाताऱ्या मेंढ्या आणि ओढ्यापासून दूरची बाजू भावजयीला दिली. ती वाटणी गऊबाईंनी घेतली. मग त्या म्हणाल्या, “खूण माझ्या बाजूला राहील. तुम्ही तुमची येगळी करा.”

मारुती हसला. तो हसला, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

“वैनी, खूण बापाकडनं लेकाला जाती. तुमच्या मागं कोण हाय? अन् बाईच्या हाताला काप नसतो. दादाची खूण दादासंगं गेली. तुमच्या कोकरांचे कान मी कापून देतो की, माझ्या खुणेचे.”

मूल नसलेल्या बाईला, नवऱ्याचा महिना उलटायच्या आत, चारचौघांत हे ऐकवले. बसलेल्यांपैकी कुणी ब्र काढला नाही. रीत तशीच होती. गऊबाई उठल्या, मधे बांबूचे कुंपण घालून घेतले आणि तेव्हापासून आपणहून दिराशी एक शब्द बोलल्या नाहीत.

मारुतीने वर्षभरात जुन्या खुणेची सगळी मेंढरे विकून टाकली, खूण न घालणाऱ्या शेतकऱ्यांकडून कोऱ्या कानाची आणली आणि डाव्या कानाला दोन खाचा अशी आपली नवी खूण सुरू केली. भावाचे नाव त्याने असे कळपातून पुसले. इकडे गऊबाईंनी आपल्या नव्या कोकरांचे कान कोरेच ठेवले. मारुतीची सुरी लागू दिली नाही, आणि रीत मोडून स्वतःही चालवली नाही. कोऱ्या कानाचे मेंढरू म्हणजे बेवारशी. चुकले तर ज्याला सापडेल त्याचे. लोक त्यांच्या वाड्याला बेवारशी वाडा म्हणू लागले. त्या ऐकत आणि पुढे जात. मला वाटे, बाई खचली. मला माणसाची पारख आहे असे मी समजतो. तिथे चुकलो होतो. ती वाट पाहत होती.

दोन हजार सतराच्या हिवाळ्यात, मेंढ्या ऐन व्यायच्या दिवसांत, अवकाळी पाऊस आला. गार वारा आणि वरून संततधार. नेमका त्याच पहाटे मारुती निसरड्या बांधावरून पडला आणि पाय मोडून प्लास्टरमध्ये आला. मुलगा वापीला कंपनीत. बायको सोना घरात एकटी. तिला व्यालेल्या मेंढीची सवय नाही. दुपारपर्यंत त्यांच्या वाड्यात मेलेली कोकरे पेंढ्यावर आडवी पडली होती आणि काही मेंढ्याही माना टाकत होत्या. माझ्या पडवीतून हे सारे दिसत होते. सोना कुंपणाशी आली, डोक्यावर गोणपाटाची खोळ, आणि रडू लागली.

“आक्का, मरत्यात वो समदी. या ना.”

“ज्याची मेंढरं त्यानं बोलावं,” गऊबाई म्हणाल्या. त्या स्वतःच्या एका मेंढीला पेंढ्याने चोळत होत्या; मानही वर केली नाही.

“त्यांचा पाय मोडलाय, आक्का.”

“तोंड मोडलंय का?”

शेवटी मी पडवीतून उतरलो, आणि सोनाने व मी बाज उचलून त्याला कुंपणापर्यंत आणले. वर त्याने स्वतःच ताडपत्री धरली होती. मारुती भिजलेल्या मांजरासारखा दिसत होता. पहिल्यांदा तो नुसते “वैनी” म्हणाला.

“काय?”

“कोकरांना हात लावा.”

मेंढपाळांत या शब्दांना अर्थ आहे. दुसऱ्या कुणाला वाड्यात बोलावून ‘हात लावा’ म्हटले की त्याच्या हाती जे कोकरू जगेल त्याचा कान आपल्या खुणेने कापायचा मान त्याचा; जनावर मात्र मालकाचेच राहते. एरवी माणूस आपल्या भावकीतल्याच कुणाला बोलावतो, म्हणून खूण बदलत नाही; मान नुसता मान राहतो. मारुतीला हे ठाऊक होते. पण त्याच्या लेखी ती बाई होती, आणि बाईच्या हाताला काप नसतो, हे त्याने स्वतःच चारचौघांत ठरवून ठेवले होते. आपल्याच निवाड्यावर विसंबून तो बोलला. माणसे बहुधा अशीच सापडतात.

“नीट बोला, भावजी. हात लावू?”

“लावा म्हणतो ना!”

“शिरस्तेदार, ऐकलं का?”

“ऐकले,” मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादा जबाब ऐकून मला इतका आनंद झाला नव्हता.

त्या कुंपण ओलांडून गेल्या. पाऊस थांबेपर्यंत त्यांनी काय केले याचे वर्णन मारुतीने दहाव्याला बरे केले. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. त्यांनी मेलेल्या कोकराची कातडी सोलून ती पोरक्या कोकराच्या अंगावर बांधली, म्हणजे पुत्रहीन मेंढी वासाने फसून त्याला पाजते. आपल्या म्हाताऱ्या मेंढ्यांचे दूध काढून त्यांनी मारुतीच्या कोकरांना पाजले. सोनाला त्यांनी शिव्या देत देत सारे शिकवले. एकही कोकरू हयगयीने मेले नाही. दूध निराळे होते.

चार दिवस उलटले, ऊन पडले, आणि गऊबाई तुकारामांची सुरी घेऊन पुन्हा कुंपण ओलांडून गेल्या. उजव्याला शेंड्याला फाटा, डाव्याला खालून चंद्रकोर. कोकरे ओरडली तेव्हा मारुतीला कळले. तो बाजेवरून किंचाळला.

“वैनी! हे काय चालवलंय?”

“हात लावा म्हणालात. लावला. ज्याचा हात त्याचा काप.”

“बाईच्या हाताला काप नसतो!”

“मंग काप न्हाईच म्हणा की. काटा लागून कान फाटला म्हणा.” आणि त्यांनी पुढचे कोकरू गुडघ्यांत धरले. “नको असंल तर वरनं तुमचा काप घाला.”

तो ते करू शकत नव्हता, हे त्या दोघांनाही ठाऊक होते. कापलेल्या कानावर दुसरा काप फक्त चोर घालतो. तसे जनावर बाजारात कुणी हात लावून पाहत नाही, आणि मालकाला जन्मभर चोर म्हणतात. नर त्याने पुढे विकले. माद्या विकल्या असत्या तर वाडाच उठला असता, इतक्या मेंढ्या त्या पावसात दगावल्या होत्या. म्हणून त्या ठेवाव्या लागल्या, वाढवाव्या लागल्या, आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने सोडाव्या लागल्या.

पुढच्या वर्षी तलासरीच्या बाजारात मी त्याच्या मागेच उभा होतो. संजाणकडच्या एका व्यापाऱ्याने नर उलटून पाहिला, कान चिमटीत धरला आणि खूश होऊन ओरडला, “आ तो तुकारामनो कान छे, भाई! कुठे होता इतके दिवस? माल चांगला आहे. तुकाराम कसा आहे?”

मारुती म्हणाला, “वारला.”

“आणि तू कोण?”

मारुतीने काय उत्तर दिले ते गर्दीत ऐकू आले नाही. मी ते घरी येऊन गऊबाईंना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावले. मग चहा दिला, साखर जास्त घालून. त्या दिवशी शिरस्तेदारीण नावाच्या मेंढीलाही गूळ मिळाला.

मारुती म्हणतो, दोन वाडे एका खुणेखाली आले. कुंपण गऊबाईंच्या अखेरीपर्यंत उभे होते. दोन हजार एकोणीसच्या थंडीत त्यांना चालवेनासे झाले, तेव्हा त्यांनी आपली बाज वाड्याच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, उन्हात घालून घेतली. मी शेवटचे त्यांना पाहिले ते तिथे. हातपाय थंड पडले होते. मारुतीचा कळप चरायला निघाला होता आणि तो खाली मान घालून मागे चालला होता. मेंढरे एकामागून एक समोरून गेली. गऊबाई मेंढरांकडे पाहत नव्हत्या, फक्त कानांकडे पाहत होत्या. मारुती जवळ आला तेव्हा त्या, कितीतरी वर्षांनी आपणहून, त्याच्याशी बोलल्या.

“भावजी, सांभाळून न्या. तुमचा दादा हाय तो.”

मारुतीने हे वाक्यही दहाव्याला सांगितले, मायेची खूण म्हणून. काही श्रोत्यांनी त्यावर हुंदका दिला.

मला फार वाद घालायचा नाही. नवऱ्याची खूण मायेने जिवंत करायची असती, घर एक करायचे असते, तर सुरी हाती आल्यावर बाईने सर्वांत आधी कुणाचे कान कापले असते? दहावे उरकल्यावर, माणसे जेवायला बसली असताना, मी कुंपणापलीकडे गेलो आणि वाड्यातली मेंढरे एकेक करून हाताने चाचपली. तुकारामांमागे गऊबाईंच्या वाड्यात जन्मलेल्या एकाही मेंढराच्या कानाला काप नाही.